आठात मधली ओळ नसते

नारिनच्या वर, खिंडीच्या अलीकडे आमची शाळा.
कोळशाची शेगडी पेटली
की पहिली दहा मिनिटं संगणक उघडायचे नाहीत,
बोटं आधी माणसात येऊ देत.

मी गणिताची बाई.
कोडिंग मला मुलांपेक्षा एक रात्र जास्त येतं,
फार तर दीड. त्यांना ते ठाऊक आहे.
अकरा यंत्रं, चौदा मुलं,
आणि खोक्यातून आलेला दिव्यांचा एक चौकोन:
आठ ओळी, ओळीत आठ,
चौसष्ट तांबडे ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे.

पहिला धडा सोपा होता.
यंत्र विचारतं, तुझं नाव काय?
तुम्ही लिहायचं, ते दिव्यांवरून सरकत जातं.
नुरझात सरकली. बेकतेमिर सरकला.
असिलकानने स्वतःऐवजी घोडीचं नाव घातलं,
तीही गेली.
ओमुर्झाकच्या पाळीला
आधी अंधाराचा एक ठोकळा,
मग म, मग पुन्हा अंधार,
मग उरलासुरला र्झाक.

कुणी हसलं नाही.
हसली असती तर बरं वाटलं असतं मला.

ते अक्षर असं आहे: ओठांनी ओ म्हणायचं
आणि आत जिभेने ए.
शेजारच्या मोठ्या भाषेत ते नाही,
म्हणून कळफलकावर नाही, म्हणून खोक्यातही नाही.
त्याचा बाप येकातेरिनबुर्गला गोदामात माल उचलतो.
तोलोगोन. नावात तीनदा तेच अक्षर,
आणि छातीवरच्या बिल्ल्यावर
तिन्ही वेळा साधा ओ.

"एजेके, आपण बनवू शकतो?"
चौकटीचा कागद काढ, म्हटलं.

गोल झाला. मधली आडवी रेघ राहिली.
पेन्सिल थांबली, बराच वेळ.
"एजेके, आठात मधली ओळ नसते."

तीस वर्षं मी सम-विषम शिकवते आहे.

रेघ चौथ्या ओळीत टाकली, तर अक्षराच्या कपाळाला आठी.
पाचव्या ओळीत, तर ढेरपोट्याचा कमरपट्टा.
दोन्हीत टाकली, तर चक्क कुलूप.
नुरझात मागून वाकली:
आई लोकरीच्या शिर्दाकला कड सोडते ना,
तशी खालची एक ओळ सोड. सातात बसव.

मग हिशेब. उजवीकडून एक, दोन, चार, आठ,
दुप्पट करत जायचं, पेटलेल्यांचीच बेरीज धरायची.
तो ओठ हलवत म्हणत होता:
साठ, सहासष्ट, सहासष्ट,
एकशे सव्वीस,
सहासष्ट, सहासष्ट, साठ,
शून्य.
शून्य म्हणजे सोडलेली ओळ.
तीही लिहावी लागते, नाहीतर यंत्र अडून बसतं.

पहिल्यांदा घाईत एकशे राहिले, नुसते सव्वीस.
रेघेचे दात पडले.
तेव्हा मात्र सगळे हसले, तोही.

दुसऱ्यांदा लागलं.
दुसरं अक्षर, ते उ-सारखं, त्याने मला न विचारताच केलं.
मला वाटलं आता नाव घालील स्वतःचं.
त्याने बापाचं घातलं.
तीन वेळा ते अक्षर
उजवीकडून आलं, डावीकडे गेलं,
आणि वीज गेली.
इथे हिवाळ्यात संध्याकाळी जातेच.
आम्ही चौकोन बॅटरीला जोडला,
असिलकानने फोनवर टिपलं.

रात्रपाळी सुटल्यावर बापाचा फोन आला.
मी वर्गात होते, शेगडीतली राख काढत.
शाबासकी नाही, काही नाही.
म्हणाला, बाकी ठीक आहे,
पण मधली रेघ जरा जाड हवी होती.

"नाही होत," ओमुर्झाक म्हणाला.
"आठात मधली ओळच नसते, ऐक."
आणि कागद पुढ्यात घेऊन
त्याला समजावत बसला, एक, दोन, चार, आठ,
तिकडून काहीतरी चुकत होतं, हा पुन्हा पहिल्यापासून.
वर्षभरात माझ्याशी बोलला नसेल एवढं बोलला.
राखेची बादली हातात धरून
मी तशीच उभी.